दगडाचा धागा

मातीचे घर बांधताना चिखलात भाताचे तूस किंवा गवताचे बारीक तुकडे कालविण्याची रीत फार जुनी आहे. त्यामुळे भिंत वाळताना तिला तडे कमी जातात. काँक्रीटलाही अशाच आधाराची गरज असते. ते दाब पुष्कळ सोसते. परंतु ताण पडला, की तडकते. म्हणून त्यात लोखंडी सळ्या घालतात. पण ओल शिरली, की लोखंड गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते.

मग न गंजणारे तंतू घातले तर? काच वितळवून केसाहून बारीक तंतू काढता येतात. महाराष्ट्रातील सह्याद्री ज्या काळ्या पाषाणाचा बनला आहे, त्या बेसाल्टचेही असे तंतू होतात. हा दगड सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून वितळवितात व त्याचा रस सूक्ष्म छिद्रांतून ओढतात.

हे तंतू गंजत नाहीत. तरीही त्यांना एक शत्रू आहे. सिमेंटमध्ये पाणी मिसळताच चुना सुटा होतो आणि आतील ओल तीव्र अल्कधर्मी बनते. काच आणि बेसाल्ट या दोहोंचा मोठा भाग सिलिकेचा असतो. ही ओल त्या सिलिकेलाच हळूहळू पोखरते. आरंभी चिवट असलेला पत्रा मग काही वर्षांनी ठिसूळ होतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला तंतू बदलण्याचा. इंग्लंडमधील इमारत संशोधन केंद्रात ए. जे. मजुमदार यांनी १९६० नंतरच्या दशकात झिर्कोनियायुक्त काचेचे तंतू तयार केले. ते अल्कलीपुढे अधिक काळ टिकतात. दुसरा उपाय सिमेंट बदलण्याचा. वीजकेंद्रातील कोळशाची राख सिमेंटमध्ये मिसळली, तर ती सुटा चुना शोषून घेते.

फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ जोसेफ दाविदोविट्स यांनी ज्याला ‘जिओपॉलिमर’ असे नाव दिले, त्या पदार्थात अशी राखच सिमेंटचे काम करू शकते. त्यासाठी चुनखडी भाजावी लागत नाही. त्यामुळे हवेत कार्बन डायऑक्साइडही कमी जातो. परंतु राख घट्ट होण्यासाठी तीव्र अल्कलीच घालावी लागते. म्हणजे तंतूंचा शत्रू पुन्हा घरातच!

म्हणून प्रत्येक मिश्रणाची कसोटी घ्यावी लागते. त्याचे नमुने ५० ते ८० अंश उष्ण पाण्यात महिनोन्महिने बुडवून ठेवतात. उष्णतेने रासायनिक क्रिया वेगाने घडते व पुढील अनेक वर्षांची झीज थोड्या काळात दिसू लागते. नंतर नमुने वाकवून त्यांचे उरलेले बळ मोजतात.

ज्या छपराखाली माणसे राहावयाची, ते अनेक पावसाळे टिकले पाहिजे. त्यासाठी तंतूचे बळ तेवढे पाहून चालत नाही. तो ज्यात राहावयाचा, त्याचा गुणही पारखावा लागतो.