‘फिटनेस २०२९ पर्यंत आहे, वहिनी!’

गेल्या वर्षी आमच्या घरात गाडीचा विषय निघाला तो सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे. डोंबिवलीच्या रस्त्यांवरून रिक्षाने दवाखाना गाठायचा म्हणजे घरी परतल्यावर त्यांना दोन दिवस शेक द्यावा लागे. ह्यांची नोकरी मुंबईला, जाणेयेणे लोकलने. माझी शाळा अर्धा दिवस, तीही पायी जाण्याच्या अंतरावर. तेव्हा नवी गाडी हवी होती कुणाला? जुनी, छोटी, चालती गाडी मिळाली की झाले, असे ठरले.

एका एजंटाने २०१४ सालची पांढरी गाडी दारात आणून उभी केली. काय चकाचक! आत अत्तराचा वास, सीटना नवी कव्हरे. किंमतही आमच्या बेतात बसणारी. मी आपली मास्तरीण, कागद दिसला की वाचायचा ही सवय. माझ्या हातात आरसीचे कार्ड बघून तो म्हणाला, “बघा ना वहिनी, पेपर एकदम क्लिअर. फिटनेस २०२९ पर्यंत आहे. सरकारनेच लिहून दिलंय.”

मला ते पटले. खरे सांगते, तुम्हालाही पटले असते.

संध्याकाळी भाजी निवडताना मात्र मनात आले, ही गाडी २०२९ पर्यंत धड आहे असे म्हटले, ते कुणी तपासून? आणि कधी? विचारत गेले तेव्हा उलगडा झाला. खाजगी मोटार नवी असताना तिची नोंदणी होते, आणि ती एकदम पंधरा वर्षांसाठी होते. कार्डावरची तारीख ती हीच, २०१४ अधिक पंधरा. मधल्या काळात गाडी तीन वेळा ठोकली, विकली, पुन्हा विकली, तरी ब्रेक लागतो की नाही हे कुणी सरकारी माणूस बघत नाही. पंधरा वर्षे भरली की गाडी आरटीओत दाखवायची, पास झाली तर पुढची पाच वर्षे मिळतात. मालक बदलताना तपासणीचा दाखला लागतच नाही. गंमत पाहा, ज्या रिक्षेला आम्ही कंटाळलो होतो तिला मात्र तो लागतो. धंद्याच्या वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस करून घ्यावे लागते.

माझी एक वर्गमैत्रीण इंग्लंडला असते. तिच्याकडे १९६० सालापासून जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी आहे. आता तर गाडीला तीन वर्षे झाली की दरवर्षी ब्रेक, टायर, दिवे सगळे बघतात, आणि नुसत्या नंबरावरून कुणालाही मागचे निकाल वाचता येतात. “तुमच्याकडे कसं कळतं मग?” तिने विचारले. कळत नाही, हेच उत्तर.

मग पीयूसी? तो फक्त धुरापुरता. विमा? त्याला हप्ता भरल्याशी मतलब. म्हणजे ‘पेपर क्लिअर’ म्हणताना जे तीन कागद आपल्यापुढे ठेवतात, त्यांतला एकही गाडीच्या तब्येतीबद्दल बोलत नाही.

आमच्या ओळखीचे एक गॅरेजवाले आहेत. त्यांना मेहनताना देऊन गाडी दाखवायची असे मी ठरवले. एजंट कुरकुरला, दुसरे गिऱ्हाईक तयार आहे म्हणाला. ह्यांनाही वाटले, उगीच खर्च. पण मी हट्टाला पेटले.

दादांनी इंजिनला हातसुद्धा लावला नाही. आधी पुढच्या सीटचा पट्टा ओढून ओढून अगदी शेवटपर्यंत बाहेर काढला. आतल्या टोकाला मातकट रेघ होती. मग डिकीतली स्टेपनी उचलली, तर खालच्या खळग्याच्या कोपऱ्यात वाळलेला गाळ. गालिचा उचकटला, सीटच्या पट्ट्या तांबेरलेल्या. “वहिनी, ही गाडी पाण्यात होती,” ते म्हणाले. मी पुन्हा आरसी काढली. पत्ता बदलापूरचा! जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीला पूर आला, महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली, ते आठवते ना? त्याच वेळी नदीकाठच्या सोसायट्यांतल्या कितीतरी गाड्या बुडाल्या होत्या. ही त्यांतली की नंतरच्या एखाद्या पावसातली, कोण सांगणार!

शेवटी दादांनी गाडी वर चढवून मला खाली बोलावले. साडी सावरत वाकून पाहिले. ब्रेकचे तेल नेणाऱ्या लोखंडी नळ्या गंजून खपल्या सुटल्या होत्या. “गावात चालेल. माळशेज घाटात जोरात ब्रेक दाबाल, नळी फुटेल आणि पाय थेट खाली जाईल.” आमचे माहेर-सासर दोन्ही घाटापलीकडे. दिवाळीला आम्ही पाचही जण त्याच गाडीतून जाणार होतो. ह्यांनी काही न बोलता एजंटाला किल्ली परत दिली.

तेव्हा जुनी गाडी घेताना एवढे करा. आपल्या माणसाकडून गाडी वर चढवून खालून बघा. टायरवरचे चार आकडे वाचा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या सालचे निघाले तर कारण विचारा. कंपनीच्या वर्कशॉपमधली सर्व्हिसची नोंद मागा, म्हणजे किलोमीटरचा काटा मागे फिरवलाय का ते कळते. चासी नंबर आरसीशी ताडून घ्या. परिवहन खात्याच्या ॲपवर नंबर घातला की गाडी कितव्या मालकाची आहे आणि तिच्यावर बँकेचा बोजा आहे का, ते दिसते. बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता विकणाऱ्या भगिनींसाठी. माझ्या मावसबहिणीच्या यजमानांनी ठाण्यात गाडी विकली, कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या, पैसे घेतले आणि विसरले. आठ महिन्यांनी ह्यांच्याच मोबाइलवर नाशिक रस्त्यावरचे दंड येऊ लागले. घेणाऱ्याचा फोन बंद. दंडावर भागले म्हणून बरे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात निकाल दिला. गाडी कितीतरी हातांतून गेलेली, २००९ मध्ये तिच्याखाली एक मूल दगावले, पण आरसीवर पहिल्याच मालकाचे नाव होते. भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. म्हणून विकणाऱ्याने फॉर्म २९ स्वतः १४ दिवसांत कळवायचा, घेणाऱ्याने फॉर्म ३० घेऊन ३० दिवसांत नाव चढवायचे. विमाही १४ दिवसांत नावावर करायला हवा. मात्र तुमचा ‘नो क्लेम बोनस’ गाडीबरोबर देऊ नका, तो तुमचा असतो. आणि गाडी एजंटाकडे सोडणार असाल तर तो आरटीओकडे नोंदलेला विक्रेता आहे का ते पाहा. एप्रिल २०२३ पासून तसा नियम आहे. त्याच्या ताब्यात गाडी दिल्याची नोंद झाली की पुढची जबाबदारी त्याची.

आमची गाडी अखेर जानेवारीत आली, कल्याणच्या एका निवृत्त शिक्षिकेची. दादांनी तिला तासभर आडवे-उभे तपासले. सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या आणि पहिल्यांदा काय केले असेल, तर पट्टा टोकापर्यंत ओढून पाहिला. नव्या आरसीवर ह्यांचे नाव आले त्या दिवशी मी तिचा फोटो बाईंना पाठवला. पाच मिनिटांत त्यांचा फोन, “अगं, मी रोज वाट बघत होते गं!”