शिफारस आणि परवाना : परदेशी स्थायिक होऊ इच्छिणाऱ्या कुशल कारागिरांसाठी

मराठवाड्याच्या औद्योगिक नकाशावर जालना शहराने लोखंडी सळया आणि बी-बियाणे या दोन उद्योगांच्या बळावर आपले स्थान निर्माण केले आहे. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा म्हणून अस्तित्वात आलेल्या जालना जिल्ह्यात आठ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार इतकी होती. तीपैकी सुमारे पाचांतील चार माणसे ग्रामीण भागात राहणारी होती. कोरडवाहू शेतीवर सर्वांचा निर्वाह होणे कठीण असल्याने ग्रामीण कुटुंबांतील अनेक मुले औद्योगिक प्रशिक्षण संस्थांकडे वळतात आणि फिटर, टर्नर, वेल्डर, वीजतंत्री, मोटार मेकॅनिक असे व्यवसाय शिकून कारखान्यांत व कार्यशाळांत कामास लागतात.

या तरुणांपुढे आता परदेशाचे आकर्षणही उभे राहिले आहे. ‘कॅनडाच्या प्रांताचे नामनिर्देशन’, ‘ऑस्ट्रेलियाच्या राज्याची शिफारस’ असे शब्द गावोगावी ऐकू येऊ लागले आहेत. या शब्दांचा नेमका अर्थ ठाऊक नसल्यामुळे कोणी ही संधी अशक्य समजून सोडून देतो, तर कोणी शिफारस म्हणजेच परवाना असे समजून जमीन गहाण टाकण्यास तयार होतो. दोन्ही समजुती हानिकारक आहेत. म्हणून या योजनांचे स्वरूप गावातील जाणत्या मंडळींनी समजून घेणे अगत्याचे ठरते.

नामनिर्देशन कशासाठी?

परदेशी नागरिकास देशात कायम राहू देण्याचा अंतिम अधिकार कॅनडा व ऑस्ट्रेलिया या दोन्ही देशांत केंद्र सरकारकडे आहे. परंतु बाहेरून येणारे लोक बहुधा मोठ्या शहरांतच स्थायिक होतात, असा या देशांचा अनुभव आहे. कॅनडात टोरांटो, माँट्रियल व व्हँकुव्हर या शहरांकडे ओघ राहिला आणि मध्यभागातील विस्तीर्ण प्रांतांना कुशल माणसांची उणीव भासू लागली. यावर उपाय म्हणून आपल्या गरजेची माणसे निवडून त्यांची नावे केंद्राला सुचविण्याचा अधिकार प्रांतांना देण्यात आला. मॅनिटोबा प्रांताने १९९८ मध्ये अशी योजना सुरू केली. पुढे इतर प्रांतांनी तिचे अनुकरण केले. क्युबेक प्रांताची निवडपद्धती मात्र १९९१ च्या करारानुसार स्वतंत्र आहे.

कॅनडाच्या केंद्रीय गुणपद्धतीत एकूण १,२०० गुण असतात. या पद्धतीशी जोडलेले प्रांतीय नामनिर्देशन मिळाल्यास उमेदवाराला त्यांतील ६०० गुण एकदम मिळतात. यावरून त्याचे महत्त्व लक्षात येईल. तथापि त्यानंतरही आरोग्य, चारित्र्य व सुरक्षाविषयक तपासणी केंद्र सरकारच करते आणि तीत अर्ज नामंजूर होऊ शकतो. शासकीय कामकाजाचा परिचय असलेल्यांना हा भेद सहज उमगेल. खालच्या कार्यालयाची अनुकूल शिफारस म्हणजे वरिष्ठांची मंजुरी नव्हे.

शिवाय या योजनांची व्याप्ती दरवर्षी बदलते. कॅनडाने २०२४ मध्ये प्रांतीय योजनेसाठी १,१०,००० जणांचे लक्ष्य ठेवले होते. २०२५ साठी ते ५५,००० वर आणले. एका वर्षी ज्या व्यवसायाला मागणी असते त्याला पुढील वर्षी असेलच असे नाही. त्यामुळे शेजारच्या गावातील कोणी तीन वर्षांपूर्वी गेला, एवढ्या आधारावर निर्णय घेणे योग्य नाही.

ऑस्ट्रेलियाचे गणित

ऑस्ट्रेलियाची पद्धत उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. तेथे राज्यांच्या नामनिर्देशनाचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या, म्हणजे १९० क्रमांकाच्या परवान्यात कायम वास्तव्य मिळते व नामनिर्देशनाचे ५ गुण धरले जातात. दुसरा, ४९१ क्रमांकाचा परवाना नोव्हेंबर २०१९ पासून अमलात आला. तो पाच वर्षांचा व तात्पुरता असून त्याच्या नामनिर्देशनाला १५ गुण आहेत. या परवान्यावर जाणाऱ्यास सिडनी, मेलबर्न व ब्रिस्बेन ही महानगरे वगळून अन्य प्रदेशातच राहावे व काम करावे लागते. तेथे तीन वर्षे राहून उत्पन्नाचे कर-दाखले सादर केल्यावर कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो.

अर्जासाठी वय ४५ वर्षांच्या आत आणि किमान ६५ गुण आवश्यक असतात. समजा, एक विवाहित फिटर २८ वर्षांचा आहे. वयाचे त्याला ३० गुण मिळतील. त्याचे प्रशिक्षण तेथील मूल्यमापन संस्थेने मान्य केल्यास १० गुण आणि पाच वर्षांच्या कुशल कामाचे आणखी १० गुण मिळतील. हे ५० झाले. ४९१ च्या नामनिर्देशनाचे १५ धरले की बेरीज बरोबर ६५ होते. इंग्रजीच्या वरच्या पातळीचे व जोडीदाराच्या पात्रतेचे गुण येथे धरलेले नाहीत. इंग्रजीची किमान पातळी मात्र प्रत्येकास गाठावीच लागते.

आता याच फिटरला आपल्या पाच वर्षांच्या कामाचा पुरावा देता आला नाही असे समजा. बेरीज ५५ वर थांबते. इतकेच नव्हे, तर कामाच्या पुराव्याशिवाय कौशल्याची पडताळणीच अडते. हाताचे कसब तेच असूनही केवळ कागदाअभावी दार बंद होते. शिवाय ६५ गुण म्हणजे रांगेत उभे राहण्याची पात्रता होय. निमंत्रण अधिक गुण असलेल्यांना आणि राज्याला त्या वेळी हव्या असलेल्या व्यवसायांना आधी मिळते.

महाराष्ट्राचा जर्मनीशी करार

या विषयाला महाराष्ट्राच्या संदर्भात आणखी एक बाजू आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याबाबत करार केला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये सुमारे १०,००० उमेदवारांच्या पथदर्शी प्रकल्पाचा शासन निर्णय काढला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक असे अनेक व्यवसाय त्यात समाविष्ट करण्यात आले आणि जर्मन भाषेच्या प्रशिक्षणावर भर देण्यात आला. ही नामनिर्देशनाची योजना नव्हे, कारण जर्मनीत नोकरीचा करार व पात्रतेची मान्यता यांना प्राधान्य असते. परंतु येथेही तोच नियम दिसतो. गरज राज्याची असली तरी व्हिसा देणारी यंत्रणा केंद्राची असते. कुशल कामगाराला तेथे साधारणपणे तीन वर्षांच्या वास्तव्यानंतर, निवृत्तिवेतन निधीतील वर्गणी व भाषेची ठरावीक पातळी या अटींवर, कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो.

खरी उणीव कोठे आहे?

वरील तिन्ही देशांच्या पद्धती भिन्न असल्या तरी त्या उमेदवाराकडून एकच गोष्ट मागतात, ती म्हणजे शिक्षण व काम यांचा सलग, पडताळता येण्याजोगा पुरावा. आणि नेमक्या याच ठिकाणी ग्रामीण कारागीर कमी पडतो. अनेकदा तो ठेकेदाराच्या हाताखाली, नेमणूक-पत्राविना, रोख मजुरीवर काम करतो. त्यामुळे दहा वर्षे वेल्डिंग करूनही त्याच्याजवळ दहा ओळींचा दाखला नसतो.

ही उणीव परदेशी जाण्याच्या वेळी भरून काढता येत नाही. नेमणूक-पत्र, बँकेतून मिळणारा पगार, भविष्यनिर्वाह निधीची नोंद, कामाचे स्वरूप सांगणारे मालकाचे अनुभवपत्र आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखालील प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र ही पाच कागदपत्रे कामाच्या पहिल्या दिवसापासून जमविली पाहिजेत. यांचा उपयोग परदेशापुरता नाही. पुण्यातील मोठ्या कारखान्यात नोकरी मागताना, बँकेचे कर्ज घेताना किंवा अपघाताची नुकसानभरपाई मिळविताना हेच कागद कामी येतात.

या कामी शाळा व ग्रामपंचायत यांचाही वाटा आहे. जन्मनोंद, शाळा सोडल्याचा दाखला, आधारपत्र व पारपत्र यांतील नाव, आडनाव व जन्मतारीख यांत तफावत असल्यास अर्ज रखडतो. विद्यार्थी शाळेत असतानाच शिक्षकांनी ही तफावत पालकांच्या नजरेस आणून दिली तर दुरुस्ती सुलभ होते. ग्रामपंचायतीने जन्माची नोंद वेळेवर व अचूक घेणे हेही त्याच साखळीतील पहिले पाऊल होय. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी इंग्रजी संभाषणाचा सराव करून घेतल्यास त्याचा लाभ प्रत्येक विद्यार्थ्यास होईल, मग तो परदेशी जावो अथवा न जावो.

मध्यस्थांपासून सावधगिरी

परदेशात नोकरी मिळवून देणाऱ्या एजंटास सरकारी नोंदणी १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने बंधनकारक केली. नोंदणीकृत एजंटांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर पाहता येते. नामनिर्देशनाच्या अर्जासाठी सल्ला देणारा सल्लागार याहून वेगळा असतो. कॅनडाच्या अर्जात मोबदला घेऊन प्रतिनिधित्व करण्याचा अधिकार तेथील कायद्याने मान्य केलेल्या सल्लागारांना व वकिलांनाच आहे. अर्ज उमेदवारास स्वतःही करता येतो. मध्यस्थ असलाच पाहिजे असा नियम नाही.

नामनिर्देशनाची खात्री देणारा, मूळ प्रमाणपत्रे ताब्यात ठेवणारा, पावतीविना रोख रक्कम मागणारा किंवा खोटे अनुभवपत्र तयार करून देऊ पाहणारा मध्यस्थ गावात आल्यास सरपंचांनी व शिक्षकांनी लोकांना वेळीच सावध करावे. खोटा पुरावा उघडकीस आल्यास अर्ज तर फेटाळला जातोच, शिवाय काही वर्षे नव्याने अर्ज करण्यासही बंदी होऊ शकते. कॅनडात ही बंदी पाच वर्षांची असते.

जालन्याच्या कारागिराच्या हाती कसब आहे. त्या कसबाला प्रामाणिक व पडताळता येण्याजोग्या नोंदींची जोड मिळाली, तर दूरच्या प्रांताने केलेली शिफारस त्याला खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल. ती शिफारस न मिळाली तरी त्याने जमविलेले कागद वाया जाणार नाहीत आणि त्याची जमीनही गहाण पडणार नाही.