‘तीनशे त्रेपन्न लावू का?’

वकील नसलेल्या माणसालाही भारतीय दंड संहितेची जी मोजकी कलमे तोंडपाठ असत, त्यांत ३०२ आणि ४२० च्या मागोमाग ३५३ चा नंबर लागे. चौकात गाडी अडवली, आवाज चढले की एवढाच प्रश्न पुरायचा : ‘तीनशे त्रेपन्न लावू का?’ कलम लागले, अटक झाली, ‘सरकारी कामात अडथळा’ असा मथळा छापून आला की वाचकापुरते प्रकरण संपते. न्यायालयात ते तेव्हा कुठे सुरू होत असते.

अमरावतीचे प्रकरण घ्या. २४ मार्च २०१२ रोजी आमदार यशोमती ठाकूर यांची गाडी वाहतूक पोलिसाने अडवली. रस्ता एकेरी होता. वाद झाला आणि पोलिसाला मारहाण झाल्याचा गुन्हा दाखल झाला. निकाल लागला ऑक्टोबर २०२० मध्ये. तोवर ठाकूर राज्याच्या महिला व बालविकास मंत्री झाल्या होत्या. सत्र न्यायालयाने त्यांना, त्यांच्या चालकाला आणि दोन कार्यकर्त्यांना तीन महिने सक्तमजुरी आणि प्रत्येकी १५,५०० रुपये दंड सुनावला. वरच्या न्यायालयात दाद मागण्याची भूमिका ठाकूर यांनी त्याच दिवशी जाहीर केली. मंत्र्याला शिक्षा, ही झाली बातमी. त्या निकालातली आणखी एक गोष्ट मात्र फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. साक्षीदारांपैकी एक पोलीसच फितूर झाला होता आणि न्यायालयाने त्याच्यावरही बडगा उगारला. पोलिसाला मारल्याच्या खटल्यात पोलीसच साक्ष फिरवतो, तेव्हा आरोपीचे वजन किती असेल हे वेगळे सांगायला नको.

नागपूरचे प्रकरणही असेच रेंगाळले. डिसेंबर २०१४ मध्ये हिवाळी अधिवेशनाच्या काळात, एका हॉटेलात, आमदार हर्षवर्धन जाधव यांनी बंदोबस्तावरच्या पोलीस निरीक्षकाच्या थोबाडीत मारल्याचा आरोप झाला. एक वर्षाच्या शिक्षेचा निकाल आला फेब्रुवारी २०२३ मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी. याच जाधवांना जानेवारी २०११ मध्ये पोलिसांनी बेदम मारहाण केल्याचे प्रकरण राज्यभर गाजले होते. पोलीस आणि लोकप्रतिनिधी यांच्यातला हिशेब एका खटल्यात कधीच मावत नाही.

ही नावे मोठी म्हणून त्यांच्या तारखा टिपल्या गेल्या. दुचाकीवरून तिघे जाताना अडवलेल्या पोराच्या खटल्याची तारीख कोण टिपणार? पोलीस भरतीचा अर्ज भरल्यावर, चारित्र्य पडताळणीच्या रकान्यात, ती त्याची त्यालाच आठवते.

मथळ्यातला ‘अडथळा’ हा खरे तर दुसऱ्याच कलमाचा विषय होता. ते कलम १८६ : शिक्षा फार तर तीन महिने. शिवाय संबंधित अधिकाऱ्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने लेखी तक्रार केल्याशिवाय न्यायालयाला त्याची दखलच घेता येत नाही. ३५३ ला ही आडकाठी नाही. दोन्ही गुन्हे वेगळे आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्येच ओडिशातल्या एका खटल्यात स्पष्ट केले. पुढे ३५३ अजामीनपात्रही झाले. मग ठाण्यात कोणते कलम हाताशी येणार, हे उघड आहे. फिर्यादींची भाषाही त्याला साजेशी घडत गेली. ‘हुज्जत घातली, धक्काबुक्की केली, शर्टाची कॉलर पकडली’ हे शब्द इतक्या कागदांत इतक्या ठरलेल्या क्रमाने येतात की कॉलर खरोखर पकडली गेली असली तरी वाचणाऱ्याला शंका यावी.

३५३ सिद्ध व्हायला सरकारी नोकरावर हल्ला किंवा बळाचा गुन्हेगारी वापर लागतो, तोही कर्तव्यापासून रोखण्याच्या हेतूने किंवा बजावलेल्या कर्तव्याचा राग म्हणून. नुसती आरडाओरड पुरत नाही. बंगळूरच्या एका दांपत्याने पोलिसांच्या वागणुकीबद्दल वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर संताप लिहिला, तर त्यांच्यावर ३५३ लागले. टंकलेल्या मजकुरात बळ कुठून येणार! जानेवारी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. २०२४ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका पटवाऱ्याची शिक्षा रद्द झाली. लोकायुक्त पोलिसांच्या सापळ्यातून निसटताना त्याने झटापट केली होती. ती सुटण्याची धडपड होती, पोलिसांवर बळ वापरण्याचा हेतू त्यात दिसत नाही, असे न्यायालयाने म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातले एक प्रकरण रद्द झाले ते फिर्यादीत हल्ल्याचा वा बळाचा उल्लेखच नव्हता म्हणून.

यावरून न्यायालये नेहमी नागरिकाच्या बाजूने झुकतात असे वाटेल, तर दिल्लीची जुनी दोन प्रकरणे पाहावीत. एकात महापालिकेचे पथक मोकाट गुरे पकडायला आले आणि मालकांनी त्यांच्यावर हल्ला चढवला. दुसऱ्यात कर थकला म्हणून म्हैस जप्त करायला आलेल्या निरीक्षकाचे नाकच फोडण्यात आले. दोन्हींत बचाव एकच : कारवाई बेकायदा होती, आम्ही आमच्या मालमत्तेचे रक्षण केले. १९६४ मध्ये आणि पुन्हा १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. अधिकारी पदाच्या अधिकारात, सद्भावनेने काम करत असेल तर नियमात थोडी चूक राहिली म्हणून त्याला मारता येत नाही. भांडण न्यायालयात करायचे, गोठ्यात नाही.

खालच्या न्यायालयात तत्त्वापेक्षा कागद बोलतो. पोलीस त्या वेळी कर्तव्यावर होता हे दाखवणारी ड्यूटीची नोंद, डॉक्टरचा दाखला, पंच. भर चौकात शेकडो माणसे असताना साक्षीला फक्त खात्यातलीच मंडळी आली, तर बचावाच्या वकिलाचे अर्धे काम तिथेच होते. पोलिसांची साक्ष केवळ ते पोलीस आहेत म्हणून फेकता येत नाही. पण ठाण्यातल्या कॅमेऱ्याचे चित्रण मिळत नसेल तर प्रश्न विचारले जातातच. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावा, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्येच बजावले आहे.

महाराष्ट्राने या कलमाची धार आणखी वाढवली होती. कर्मचारी संघटनांच्या मागणीवरून झालेली दुरुस्ती २०१८ मध्ये कायदा झाली. कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली आणि खटला दंडाधिकाऱ्यांकडून सत्र न्यायालयाकडे. कॉलर पकडल्याचा खटला खुनाच्या खटल्यांच्या रांगेत जाऊन बसला. मग आमदारच तक्रार करू लागले की अधिकारी या कलमाचा धाक दाखवतात. संघटना म्हणाल्या, कलमाला हात लावाल तर आंदोलन करू. दोन्ही बाजूंना आपापले अनुभव होते, त्यामुळे हा वाद विधिमंडळात मिटण्यासारखा नव्हताच.

तो मिटवला दिल्लीने, तोही बहुधा नकळत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. ३५३ ची जागा कलम १३२ ने घेतली. गुन्हा अजामीनपात्रच राहिला, पण शिक्षा पुन्हा दोन वर्षांवर आली आणि खटला दंडाधिकाऱ्यांपुढे. जुने गुन्हे मात्र जुन्याच कायद्याने चालतात. त्यामुळे ३० जूनच्या रात्री अकराला पुण्यात कुणी हवालदाराची कॉलर पकडली असेल, तर त्याच्यापुढे सत्र न्यायालय आणि पाच वर्षांची शक्यता आहे. दोन तासांनी, त्याच चौकात, त्याच हवालदाराची कॉलर पकडणाऱ्याचे जास्तीत जास्त दोन वर्षांवर भागेल.