सी भाषेतील सुवाह्य प्रोग्रामलेखन आणि पॉझिक्स मानक

चेंबूर येथे 1984 मध्ये विवेकानंद एज्युकेशन सोसायटीचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा सी भाषेला अधिकृत मानक नव्हते. टर्बो सी हा कंपायलर 1987 मध्ये, कार्यप्रणालीच्या सेवांविषयीचे पॉझिक्स मानक 1988 मध्ये, तर सी भाषेचे मानक 1989 मध्ये आले. मुंबईतील अनेक प्रयोगशाळांत टर्बो सी दीर्घकाळ रुळला आणि त्याच्या सवयी म्हणजेच सी भाषा, असा समज दृढ झाला.

1 ते 8 या अंकांचा गुणाकार 40320 होतो. टर्बो सीमध्ये 'इंट' 16 बिटांचा असल्याने पडद्यावर -25216 उमटते. लिनक्सवर तोच प्रोग्राम योग्य उत्तर देतो. येथे दोष कंपायलरचा नव्हे. सी भाषेचे मानक 'इंट'साठी 32767 पर्यंतचीच हमी देते. पॉझिक्सची 2001 ची आवृत्ती ती 2147483647 पर्यंत नेते. (13 पर्यंतचा गुणाकार मात्र तेथेही मावत नाही.)

'कोनिओ.एच' व त्यातील 'गेटच' यांना दोन्ही मानकांत स्थान नाही. एंटर न दाबता कळ वाचण्यासाठी पॉझिक्समध्ये 'टर्मिओस.एच' वापरावे लागते. हा मार्ग लांबचा खरा. परंतु तो लिनक्स, मॅकओएस व फ्रीबीएसडी यांवर सारखाच चालतो. टर्मिनलची मूळ व्यवस्था आधी जतन करून शेवटी पूर्ववत करणे मात्र आवश्यक. अन्यथा प्रोग्राम संपल्यावर टंकलेली अक्षरेही दिसेनाशी होऊ शकतात.