दम आणि दात

३ जून २०२०च्या संध्याकाळी निसर्ग वादळ ओसरलं आणि आंजर्ल्याजवळच्या आमच्या वाडीतून मला समुद्र दिसला. लग्न होऊन आल्याला सत्तावीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात तो नुसता ऐकू यायचा, दिसला कधीच नव्हता. मधल्या पोफळी कमरेत मोडल्या होत्या, माड मुळासकट आडवे झाले होते आणि सासऱ्यांच्या वेळचा पायरीचा आंबा विहिरीच्या वाटेवर पसरला होता. घरातले पुरुष मुंबईला अडकलेले. वाडीत मी, सासूबाई आणि आमचा जुना गडी.

आमच्याकडे चेन-सॉ कुणी म्हणत नाही. लाकूड कापायचं मशीन, नाहीतर नुसतं ‘कटर’. त्या महिन्यात कटरवाल्याची वाट बघणं म्हणजे लग्नसराईत भटजींची वाट बघणं. चौथ्यांदा ‘उद्या येतो’ ऐकल्यावर मी स्वतःच मशीन घ्यायचं ठरवलं आणि साडेसहा हजारांत एक घेऊन आले. डब्यावर ५८ सीसी लिहिलेलं, पुढे साखळी फिरते ती २२ इंची पट्टी. दुकानदार म्हणाला, ‘वैनी, आंबासुद्धा लोण्यासारखा कापेल.’ मी पण डोळ्यांसमोर तो पडलेला आंबाच धरून गेले होते. चूक तिथेच झाली.

पहिल्या दिवशी मशीन ओरडलं खूप, कापलं थोडं. धूर निघाला तो लाकडातून. गडी म्हणाला, ‘वैनी, मशिनीत दम हाय, पन दात नाय.’ आठवडाभराने दमही गेला. त्यात नुसतं पेट्रोल भरलं गेलं होतं, ऑईल न मिसळता. हे टू-स्ट्रोक इंजिन. त्याच्या पोटात मोटारसायकलसारखं वेगळं ऑईल नसतं. पेट्रोलमधून जे जाईल तेच त्याचं वंगण. ते नाही मिळालं की पिस्टन सिलिंडरला चिकटतो. दुकानदाराने सांगितलं नव्हतं हे खरं, पण डब्यातल्या कागदावर लिहिलेलं होतं आणि तो कागद मी चुलीत घातला होता, हेही खरं.

दुसरं मशीन घेताना मी आधी लाकूड मोजलं. शिवणाची टेप घेऊन वाडीभर फिरले. आमचं रोजचं कापणं कशाचं? काजूच्या वाळक्या फांद्या, सुरू, सामाजिक वनीकरणाच्या दिवसांत लावलेली आणि आता माजलेली अकेशिया. जाडी सहा ते बारा इंच. कधीमधी माडाचा बुंधा. अडीच फुटी आंबा म्हणजे दहा वर्षांतून एकदा. जे लाकूड आपण वर्षातले तीस दिवस कापतो, त्याच्याहून पट्टी थोडी लांब असली की झालं. शिवाय १८ इंची पट्टीने दोन्ही बाजूंनी शिरलं की त्याहून पुष्कळ जाड ओंडकाही तुटतो.

लांब पट्टीने काम लवकर होतं हा समज सोडायला मला वेळ लागला. पट्टी लांबली की लाकडात एकाच वेळी जास्त दात रुततात, आणि ते सगळे ओढायचे एकाच इंजिनाने. इंजिन तेवढं नसेल तर साखळी अडते, क्लच तापतो. ढोबळमानाने सांगायचं तर ३०-३५ सीसी म्हणजे फांद्या छाटण्यापुरतं, ७० सीसीच्या पुढे लाकूडतोड्यांचं, आणि मधलं ४५ ते ६० सीसी आपल्यासारख्या वाडीवाल्यांचं. शेजारचा मुलगा हसला होता, ‘काकू, माझी स्कूटर ११० सीसीची, आणि तुम्ही ४५चं मशीन घेताय?’ पण हे टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतं. मी घेतलं ते स्टिल कंपनीचं एमएस २५०, ४५.४ सीसी आणि २.३ किलोवॅट, म्हणजे सुमारे तीन अश्वशक्ती. विहिरीवर तीन एचपीचा पंप असलेल्यांना तो काय करतो ते ठाऊक असेल. तेवढी ताकद हातात धरायची. म्हणून डब्यावरचे सीसी वाचू नका, किलोवॅट विचारा. दुकानदाराला सांगता आले नाहीत तर दुसरं दुकान बघा.

मग वजन. माझ्या मशीनचं कागदावरचं वजन ४.६ किलो. पण ते पट्टी, साखळी, पेट्रोल काही न धरता. प्रत्यक्ष हातात सहाच्या पुढेच जातं. त्याच घरचं ५० सीसीचं एमएस २७१ घेतलं असतं तर एक किलो जास्त आणि ताकद २.६ किलोवॅट. दुकानात दोन्ही उचलली तर फरक कळत नाही. तो कळतो दुपारी दोनला, अकेशियाचा विसावा ओंडका कापताना, आणि हात थकला की मशीन वेडंवाकडं जातं. गडी पंचावन्नचा, मी त्याहून फार लहान नाही. आम्ही किलो वाचवला. तिशीतला गडी असता तर मोठं घेतलं असतं.

कंपनी हीच का, तर दापोलीत तिचे सुटे भाग मिळतात म्हणून. हस्कवर्नाही उत्तमच. स्वीडनची ती कंपनी १६८९ पासून आहे, तेव्हा ती बंदुका बनवायची! पण जिथे तिचा मेकॅनिक जवळ असेल तिथे ती घ्यावी. आधी मेकॅनिक शोधावा, मग मशीन, असं मी आता सगळ्यांना सांगते. बॅटरीवरची मशीनं आली आहेत, ती छाटणीला छान. पण पावसाळ्यात आमच्याकडे वीज असते तेव्हा वारा नसतो आणि वारा असतो तेव्हा वीज नसते.

आता दातांकडे येते, कारण खरं कापतात ते दात. १९४६ च्या सुमारास अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या एका खोडाजवळ बसून भुंग्याची अळी बघत होता. अळी लाकूड आडवंही खात होती आणि उभंही, धाग्याची पर्वा न करता, जबडा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवत. त्याने तसाच वाकडा दात बनवला, एक डावा, एक उजवा. आजही तुमच्या-माझ्या साखळीवर तीच रचना आहे. दाताच्या पुढे एक छोटा उंचवटा असतो. दाताने एका घासात किती लाकूड घ्यायचं, ते तो ठरवतो. तो दातापेक्षा ०.६५ मिलिमीटरच्या आसपास खाली हवा. दात घासून घासून खाली येतो आणि उंचवटा तसाच राहिला, तर दात लाकडाला टेकतच नाही. मग साखळी नुसती घासत बसते.

म्हणून मशीनबरोबर पहिली खरेदी गोल कानशीची. साखळीच्या पिचवर, म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधल्या अंतराच्या निम्म्यावर, कानशीची जाडी ठरते. माझी साखळी .३२५ इंची, तिला ४.८ मिलिमीटरची कानस. ३० अंशांचा कोन धरून, आतून बाहेर, एकाच दिशेने, दातागणिक तीन ओढी. आधी एका बाजूचे सगळे दात, मग दुसऱ्या बाजूचे. सासूबाई विळीला धार लावायच्या तशी पुढे-मागे घासाघीस इथे चालत नाही. धार कधी लावायची ते भुसा सांगतो. वऱ्याच्या तांदळासारखा दाणेदार पडला तर ठीक. पिठासारखा पडू लागला की थांबा. माडाचा बुंधा साखळी फार लवकर बोथट करतो. सालीवरची जांभ्याची माती तर त्याहून वाईट, आणि जमिनीला एकदा पट्टी टेकली की तासाभराची कानस वाया. आमचा गडी ओंडक्याखाली आधी दोन आडवी लाकडं सारतो, मगच मशीन सुरू करतो.

पट्टीला वेगळं ऑईल लागतं. गॅरेजमधलं जळकं ऑईल लोक घालतात. त्यात धातूची कणी असते, आणि ते सगळं आपल्याच मातीत उडतं. मी एकदा हौसेने खोबरेल घालून पाहिलं. डिसेंबरच्या सकाळी टाकीत थिजून बसलं. पेट्रोलचं मिश्रण माझ्या मशीनला ५०ला १, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर चांगलं टू-स्ट्रोक ऑईल. काही मशीनना २५ला १ लागतं, तेव्हा कागद चुलीत घालू नये. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओलावा ओढतं. त्यामुळे मृगाच्या आधी टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं आणि कोरडं ठेवायचं.

आता धोक्याचं. पट्टीच्या टोकाची वरची बाजू कशालाही लागली की मशीन उसळून तोंडाकडे येतं. डोळा मिटायच्या आत. यासाठी पुढच्या मुठीसमोर साखळी थांबवणारा ब्रेक असतो. तो नसलेलं किंवा ढिला असलेलं मशीन फुकट मिळालं तरी घेऊ नये. चष्मा, कानांवर मफ, जाड बूट हवेतच. लुंगी नेसून मशीन चालवणारे मी पाहिले आहेत, त्यांच्या पायांकडे मी बघत नाही. वादळात पडलेलं झाड तर उभ्या झाडापेक्षा लबाड असतं. दोन बांधांवर टेकलेला माड वरून दाबलेला आणि खालून ताणलेला असतो. तो आधी वरून एक तृतीयांश कापायचा, मग खालून. पूर्ण वरून कापत गेलात तर पट्टी चिमटली जाते.

आणि मशीन आपलं म्हणून झाड आपलं नसतं. आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर अशी झाडं १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत. आपल्या मालकीच्या जमिनीतलीसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. अर्ज आधी, पेट्रोल नंतर.

पायरीचा तो बुंधा शेवटी आम्ही कापलाच नाही. मोठ्या मशीनवाला बोलावला, अर्ध्या दिवसाची मजुरी दिली, मोकळे झालो. पहिल्या मशीनचं इंजिन भंगारात गेलं. त्याची २२ इंची पट्टी मात्र गड्याने ठेवून घेतली. गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून ती अगदी मापात बसते.