घर तर मिळतंय, पण मागची वाडी कोणाची? चंद्रपूर-गडचिरोलीत जागा घेण्याआधी

आजचा भाग एका श्रोत्या ताईंच्या प्रश्नावर आहे. ताई आरोग्य खात्यातून निवृत्त होताहेत. मूल तालुक्यातल्या एका गावात त्यांना कवेलूचं जुनं घर, विहीर आणि मागे अर्ध्या एकराची वाडी मिळतेय. मालक म्हणतो, "टॅक्स पावती आहे ना ताई, अजून काय पाह्यजे?" निवृत्तीचे बहुतेक पैसे यात जाणार आहेत. घेऊ का, असं त्यांनी विचारलंय.

पहिले त्या पावतीचं बोलू. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे. पंचायत अतिक्रमणातल्या घरालाही कर लावते, म्हणून पावतीवरून मालकी सिद्ध होत नाही. गावठाणात खरा कागद म्हणजे आखीव पत्रिका, म्हणजेच प्रॉपर्टी कार्ड. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली गेली आणि बऱ्याच गावांत कार्डं तयार झाली. ताईंच्या गावात झालं असेल तर नकाशा काढा आणि गावठाणाची हद्द कुठे संपते ते पाहा. माझा अंदाज असा की घर हद्दीच्या आत असेल आणि वाडी बाहेर. आपल्याकडे हे फार सर्रास आहे, कारण आजोबानं कुंपण पुढं सरकवलं की नातवाला ते आपलंच वाटतं.

मग वाडीचा गट नंबर शोधायचा आणि त्याचा सातबारा काढायचा. इथे खरी गंमत आहे, आणि भीतीही. त्यावर "झुडपी जंगल" लिहिलेलं निघालं तर थांबा.

पूर्व विदर्भाबाहेरच्या लोकांना हा शब्द माहीत नसतो, म्हणून थोडं सांगतो. मालगुजारीच्या काळात गावाची चराई, सरपण, काट्याकुट्याची जमीन मालगुजाराच्या ताब्यात असे. १९५१ साली मालगुजारी गेली, या जमिनी सरकारकडे आल्या आणि महसूल दप्तरात झुडपी जंगल म्हणून राहिल्या. त्यावर शाळा झाल्या, रस्ते झाले, घरंही झाली. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत ही जमीन ८६ हजार हेक्टरांहून जास्त आहे. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की ही जमीन वन संवर्धन कायद्याच्या दृष्टीने वनच आहे. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सरकारने रीतसर केलेल्या वाटपांना सवलतीचा मार्ग ठेवला आहे, त्यानंतरच्यांना फार कडक अटी आहेत. पण लक्षात घ्या, ही सवलत वाटपाची आहे. नुसत्या कुंपणाला कोणी वाटप म्हणत नाही. अशी वाडी मालक विकूच शकत नाही, कारण ती त्याची नाहीच.

समजा झुडपी नाही, शेतजमीन निघाली. तरी ताईंना विचारावं लागेल, तुम्ही शेतकरी आहात का? १९५८ च्या विदर्भाच्या कूळकायद्यात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. माहेरच्या सातबाऱ्यावर ताईंचं नाव असेल तर ते इथे कामी येईल. तसंच भोगवटादार वर्ग २ लिहिलं असेल तर विक्रीला महसुली परवानगी लागते. वनहक्काचा पट्टा असेल तर विषयच संपला: २००६ च्या कायद्याने तो वारसाला जातो, विकता येत नाही.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. मालक आदिवासी असेल तर महसूल संहितेचं कलम ३६ अ लागतं. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकायला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी पाहिजे, आणि तीही शासनाच्या पूर्वमान्यतेने. हे फक्त एटापल्ली-भामरागडपुरतं आहे असं पुष्कळांना वाटतं, पण ते राज्यभर लागू आहे. मंजुरीविना झालेला व्यवहार जिल्हाधिकारी स्वतःहून उकरून काढू शकतात आणि जमीन परत मिळवून देता येते. लोक याला कटकट म्हणतात. मला तसं वाटत नाही. सावकाराच्या दोन पोत्यांपायी गोंडाची बांधी गेल्याच्या गोष्टी इथे घरोघरी ऐकायला मिळतात. त्यावर कोणी "आदिवासी माणसाच्या नावावर घेऊन टाका, ताबा तुमचा" असं सुचवलं तर उठून चालू लागा. तो बेनामी व्यवहार झाला.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने तर २०१३ साली गावातली सगळी खासगी जमीन ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. तिथे एकट्या मालकाला गाठून सौदा करायचा प्रश्नच येत नाही.

माझ्या मामांनी एका ओळखीच्या माणसाकडून नोटरीच्या स्टॅम्पपेपरवर जागा घेतली होती. पैसे दिले, कुंपण घातलं, आंबे लावले. नंतर मालकाच्या दोन बहिणी हिस्सा मागायला आल्या, आणि त्यांचं बरोबरच होतं. स्थावर मालमत्तेची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदल्याशिवाय पक्की होत नाही, नोटरीचा शिक्का तिथे चालत नाही. म्हणून ताई, फेरफार जुने काढून वारसांची नावं जुळवा, तीस वर्षांचा शोध घ्या आणि भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात तलाठी म्हटलं तरी चालतं बाप्पा!

मोजणीत घर गावठाणात आणि वाडी झुडपीत निघाली, तर भाव फक्त घराचा करा. मालक म्हणेल, वाडी तशीच वापरा, कोण विचारतं? त्या वाडीसाठी त्याला एक रुपयाही देऊ नका. आणि विहीर नेमकी कोणत्या बाजूला येते, ते मोजणीवाल्याला आधी विचारा.