तलावाकांठचा पाहुणा

पॅसिफिक महासागरांतील रायातेआ बेटावर १९६७ सालीं पाण्यांत खांब रोवून त्यांवर अतिथिगृहें उभारण्यांत आलीं. भंडारा जिल्हा तर तलावांचा. मग दिघोरीस तसें घर कां नसावें, असें कोणी विचारील. परंतु समुद्रावर कोणाचें शेत पिकत नाहीं. आमच्याकडील कोहळ्यांनीं बांधलेले जुने तलाव धानासाठीं आहेत. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे खांब गाळांत उघडे पडतील. सबब आम्ही सुचवितों कीं, तलावाकांठच्या आपल्याच शेतांत मचाणासारखी उंच बांबूची खोली बांधावी. खर्चही बेताचा येईल. सांडपाणी मात्र तलावांत सोडूं नये. राज्याचें कृषिपर्यटन धोरण २०२० सालीं ठरलें आहे. पाहुण्यानें हिंवाळ्यांतील पक्षी पाहावे. पाण्यावर पहिला हक्क धानाचाच राहावा.